लोखंडी चाक की अलॉय? आडवाटेच्या गाडीचा हिशोब

आपल्या दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे बुरोंडी, लाडघर, कोळथरे, हर्णै या भागात, बोलेरो, थार, जिम्नी, जुनी महिंद्र जीप, मारुती जिप्सी अशा गाड्या आता दारोदार दिसतात. कोणी बागेतला आंबा उतरवतो, कोणी बंदरावरून मासळी पोहोचवतो, कोणी चिरेखाणीवर डिझेल आणि सामान नेतो, आणि आमच्यासारखे कापडवाले वाडीवाडीने माल पोहोचवतात. नवी गाडी घेताना किंवा जुन्या गाडीची चाके बदलताना एक सवाल हमखास येतो. लोखंडी चाके ठेवावीत, की ॲल्युमिनियमची, ज्यांना आपण अलॉय म्हणतो, ती बसवावीत?

पुष्कळांना हा फक्त शौकाचा सवाल वाटतो. अलॉय म्हणजे शान आणि लोखंड म्हणजे काटकसर, असा एक समज आहे. व्यापाऱ्याला असा विचार परवडत नाही. कापड घेताना आपण नुसता रंग पाहून थान उचलत नाही. सूत पाहतो, वीण पाहतो, पन्हा मोजतो, धुतल्यावर आटेल का ते विचारतो. गाडीचे चाक तर त्याहून नाजूक बाब आहे. कापड फाटले तर नुकसान पैशाचे होते. चाक भर उतारावर फुटले तर माल जातो, दिवस जातो, आणि कधी माणूसही जातो.

म्हणून चाक निवडताना दोन गोष्टी विचाराव्यात. हे चाक निकामी होते तेव्हा कसे होते? आणि जिथे ते निकामी होईल, तिथे ते दुरुस्त करणारा कोणी आहे का? या दोन सवालांची उत्तरे मिळाली की बाकीचा हिशोब आपोआप जमतो.

दोन्ही चाके बनतात कशी?

ज्याला आपण लोखंडी चाक म्हणतो ते खरे तर पोलादी पत्र्याचे असते. पत्र्याची पट्टी गोल वळवून, सांधून टायर बसण्याची कड बनवतात. मधली थाळी वेगळी दाबून काढतात आणि दोन्ही एकमेकांना वेल्डिंगने जोडतात. ही थाळी असते म्हणूनच आपले गॅरेजवाले अख्ख्या चाकाला डिस्क म्हणतात.

अलॉय चाक ओतीव असते. ॲल्युमिनियमच्या रसात साधारण सात टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम मिसळतात, तो रस साच्यात ओततात, आणि नंतर चाकाला ठरावीक तापमानाची भट्टी देऊन कडक करतात. मग लेथवर त्याची कड आणि मधले भोक बरोबर करतात. घडाई करून, म्हणजे प्रचंड दाबाखाली बनवलेली ॲल्युमिनियमची चाकेही असतात व ती फार मजबूत असतात, पण ती महाग पडतात. आपल्या बाजारात जे अलॉय मिळते ते बहुतेक ओतीवच असते.

घरातले उदाहरण घ्या. बिडाचा तवा आणि पत्र्याचा तवा दोन्ही आपल्याकडे असतात. बिडाचा तवा ओतीव, जाड आणि देखणा. तो हातातून फरशीवर पडला तर तडकतो. पत्र्याचा तवा पडला तर वाकतो, आणि हातोडीने ठोकला की पुन्हा चुलीवर चढतो. अलॉय चाक बिडाइतके ठिसूळ नसते. पण वाकणे आणि तडकणे यातला जो फरक आहे, तो समजायला एवढे उदाहरण पुरे आहे.

वजनाचा हिशोब

अलॉयच्या बाजूने पहिला मुद्दा वजनाचा सांगतात. एक घन सेंटिमीटर पोलादाचे वजन सुमारे ७.८५ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमचे २.७ ग्रॅम, म्हणजे साधारण एक तृतीयांश. हे ऐकून वाटते की अलॉय चाकही एक तृतीयांश वजनाचे असेल. तसे होत नाही. ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच असतो. त्यामुळे तेवढाच भार उचलण्यासाठी ते जाड ओतावे लागते, आणि बचत बरीचशी तिथेच संपते. त्याच मापाच्या दोन चाकांत एक-दोन किलोचा फरक पडला तर ठीक म्हणायचे. स्वस्त, जाडजूड अलॉय तर कधीकधी लोखंडी चाकाच्याच वजनाचे निघते. दुकानदाराला काटा मागा. मालाची पारख तराजूवर होते, बोलण्यावर होत नाही.

चाक खरोखर हलके असेल तर त्याचा फायदाही खरा आहे. चाक हे स्प्रिंगच्या खालचे वजन आहे. ते हलके असले की खड्ड्यातून चाक लवकर वर-खाली होते, शॉकॲब्झॉर्बरवर ताण कमी येतो, स्टिअरिंग हलके वाटते. शिवाय अलॉय लेथवर कापलेले असल्याने गोलाई चोख असते आणि वेगात गाडी थरथरत नाही. महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगाने मुंबई-पुण्याला जाणाऱ्याला हा फरक कळतो. बुरोंडीहून कोळथऱ्याला वळणावळणाने जाणाऱ्या, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवरच्या गाडीला तो फारसा कळत नाही.

ॲल्युमिनियममधून उष्णताही लवकर पसरते. त्यामुळे कुंभार्लीसारखा लांब घाट उतरताना ब्रेकची थोडी उष्णता चाकातून बाहेर पडते. हा फायदा लहान आहे. घाटात ब्रेक वाचवायचा खरा मार्ग म्हणजे गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवणे. चाक कोणतेही असो, हा नियम बदलत नाही.

मार बसला की काय होते?

आपल्या भागातला रस्ता म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागेल. डांबर संपले की जांभ्याचा कातळ सुरू होतो. पावसाळ्यात मातीखालचे चिरे धारदार कडेने वर येतात. सड्यावरच्या वाटेत, पऱ्या ओलांडताना, साकवाच्या तोंडाशी दगड पाण्याखाली लपलेला असतो. दापोलीत वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेवढ्या पाण्यात कालचा रस्ता आज तसाच राहत नाही.

अशा ठिकाणी लोखंडी चाकाची कड दगडावर आपटली तर ती आत वाकते. टायर ट्यूबलेस असेल तर त्या ठिकाणाहून हवा जाते. पण वाकलेली कड घण आणि लोखंडी ठोकळा यांच्या मदतीने बरीचशी सरळ करता येते. फारच बिघडली तर आत ट्यूब टाकून, हळू चालवत गाडी घरी आणता येते. हे काम तालुक्याच्या गावातच नव्हे, तर नाक्यावरच्या कोणत्याही पंक्चरवाल्याकडे होते.

अलॉयला हलका मार बसला तर चांगल्या प्रतीचे चाक तो सहज सोसते. ज्या धक्क्याने लोखंडी कड वाकली असती, तिथे अलॉयला फक्त ओरखडा येतो. हे मान्य केले पाहिजे. पण धक्का त्याच्या हद्दीबाहेर गेला की ते वाकण्याऐवजी तडकते, किंवा कडेचा तुकडा निघतो. तडकलेल्या चाकात हवा राहत नाही आणि ठोकून काही साधत नाही. मग स्टेपनीशिवाय इलाज नाही. एका फेरीत दोन चाकांना मार बसला तर गाडी तिथेच उभी राहते.

यात आणखी एक बारकावा आहे. धातूला वारंवार ताण बसला की तो थकतो. पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेखाली राहिला तर तो जवळजवळ कितीही वेळा सोसला जातो. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान ताणही वर्षानुवर्षे साठत जातो. म्हणून कारखानदार अलॉय चाक मुळातच जास्त जाड ठेवतात आणि चांगली कंपनी ते हजारो-लाखो फेऱ्यांच्या कसोटीवर तपासते. नकली, बिननावाच्या चाकाने अशी कसोटी दिली असेलच, याची हमी कोण देणार?

मोठे चाक, पातळ रबर

अलॉयच्या निवडीत एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे माप. ऑक्टोबर २०२० मध्ये बाजारात आलेल्या नव्या महिंद्र थारचे उदाहरण पाहा. तिच्या साध्या प्रकारात १६ इंची लोखंडी चाके होती आणि टायरचे माप होते २४५/७५. महाग प्रकारात १८ इंची अलॉय होती व टायर २५५/६५. आता त्रैराशिक मांडा. टायरच्या भिंतीची उंची म्हणजे रुंदीची टक्केवारी. २४५ चे ७५ टक्के म्हणजे सुमारे १८४ मिलिमीटर. २५५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १६६ मिलिमीटर. दोन्ही गाड्या बाहेरून जवळजवळ सारख्याच उंचीच्या, पण लोखंडी चाकाच्या गाडीत दगड आणि धातू यांच्यामध्ये १८ मिलिमीटर रबर आणि हवा जास्त आहे.

हे रबरच चाकाची गादी आहे. ती जितकी जाड, तितका चाकाला मार कमी. उलट जून २०२३ मध्ये आलेल्या मारुती जिम्नीत साध्या प्रकारात लोखंडी आणि वरच्या प्रकारात अलॉय चाक होते, पण दोन्ही १५ इंची, टायर १९५/८० चे. तिथे गादीचा फरक नाही, फक्त धातूचा आहे. तेव्हा अलॉय घ्यायचेच असेल तर कंपनीच्याच मापाचे घ्यावे. दिसायला भारी म्हणून दोन इंच मोठे चाक आणि पातळ टायर बसवणे म्हणजे आडवाटेच्या गाडीची ताकदच काढून घेणे होय.

खारी हवा कोणाला सोडत नाही

किनाऱ्यावर राहणाऱ्याला लोखंडाचा गंज नवा नाही. घराचे गज, शिलाई मशीनचा पाय, दुकानाचे शटर, सगळे खारे वारे खातात. लोखंडी चाकाचा खरा दुश्मन दगड नसून हा गंज आहे. चाकाची टायर बसण्याची जागा गंजली की तिथे पापुद्रे सुटतात आणि ट्यूबलेस टायरमधून रोज थोडी थोडी हवा जाऊ लागते. मालक पंक्चर शोधत बसतो, आणि पंक्चर कुठेच सापडत नाही.

ॲल्युमिनियम गंजत नाही असे म्हणतात, ते अर्धेच खरे. त्याला लाल गंज येत नाही, पण मिठाने ते पांढरे पडते. समोरचा भाग कापून चमकवलेली जी चाके असतात, त्यांच्यावर पारदर्शक लॅकर असते. दगडाने त्या लॅकरला बारीकसा छेद गेला की त्याखाली वाळवीच्या वाटेसारख्या पांढऱ्या रेषा पसरू लागतात. दुसरे असे की ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारे पाणी आले, तर विजेच्या सेलसारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते. म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीचे अलॉय चाक हबला असे घट्ट बसते की पंक्चरच्या वेळी नट काढूनही ते निघत नाही.

यावर इलाज आहेत, आणि ते स्वस्त आहेत.

हर्णै किंवा बुरोंडीच्या बंदरावर मासळी भरणाऱ्या गाडीतून बर्फाचे खारे पाणी चाकांवर गळते. अशा गाडीची चाके त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावीत, आतल्या बाजूनेही.

लोखंडी चाके वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, उतरवून तारेच्या ब्रशने घासावीत. गंज काढून प्रायमर आणि वर रंग द्यावा. मात्र चाक हबला जिथे टेकते ती जागा आणि नटच्या बैठका यांवर रंगाचा जाड थर चढू देऊ नये. तो थर दबला की नट सैल पडतात.

अलॉय असेल तर वर्षातून दोनदा चाक उतरवून हबची जागा साफ करावी आणि तिथे ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावू नये. वॉशिंगवाला ॲसिड किंवा कास्टिकचे तेज पाणी वापरत असेल तर त्याला अलॉयवर ते मारू देऊ नये.

चिखलातून आल्यावर चाकाच्या आत लाल माती घट्ट बसते आणि गाडी थरथरू लागते. बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी चाके आतून धुऊन पाहा. पुष्कळदा आजार तिथेच बरा होतो.

आखातातला तजुर्बा इथे चालेल का?

आपले अनेक कोकणी बांधव आखाती देशांत नोकरीला आहेत. तिथे त्यांनी लँड क्रूझर, पेट्रोल अशा मोठ्या गाड्या अलॉय चाकांवर वाळूत पळताना पाहिल्या आहेत. गावी आल्यावर ते सांगतात की अलॉय तर वाळवंटातही चालते, मग इथे का नाही? सवाल वाजवी आहे.

जबाब असा की वाळवंटातली वाळू मऊ असते. तिथे टायरची हवा तीसवरून पंधरा-अठरा पाउंडांवर आणतात, टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. चाकाच्या कडेला आपटायला तिथे जांभ्याचा चिरा नसतो. दुसरे, तिथे शहरात पोहोचले की त्याच मापाचे अस्सल चाक दुकानात मिळते. आणि तिथेही लँड क्रूझरची जी ७० क्रमांकाची मालिका कष्टाच्या कामाला वापरतात, तिचे साधे प्रकार लोखंडी चाकांवरच येतात. दूर मुलखात मदतकार्य करणाऱ्या संस्थांनीही वर्षानुवर्षे अशाच गाड्या पसंत केल्या आहेत. त्यामागे हौसेचा नव्हे, दुरुस्तीचा विचार आहे.

आपल्याकडची कहाणीही तीच आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप १६ इंची पोलादी चाकांवर धावली. १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद या नावाने सुरू झालेली आणि १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झालेली कंपनी हीच जीप भारतात घेऊन आली. १९८५ साली आलेली मारुती जिप्सीही लोखंडी चाकांवरच फौजेत आणि डोंगरात नावाजली.

वाळूचा विषय निघालाच आहे तर एक इशारा. हवा कमी केलेला टायर जोरात वळवला तर तो कडेवरून निसटू शकतो, चाक कोणतेही असो. आणि लाडघर, कर्दे, मुरुड या किनाऱ्यांवर भरतीच्या वेळी रुतलेल्या गाडीला अलॉयही वाचवत नाही आणि लोखंडही नाही. गाडी समुद्रकिनाऱ्यावर उतरवूच नये.

बदल करताना चार खबरदाऱ्या

पहिली, भार. प्रत्येक चांगल्या चाकावर ते किती किलो उचलेल ते कोरलेले असते. समजा, मालासह मागच्या आसावर १,८०० किलो येतात, तर प्रत्येक चाकावर ९०० किलो आले. चाकाची ताकद त्याहून जास्तच हवी. मोटारीचे अलॉय पिकअपला बसवून त्यावर कापडाच्या गाठी किंवा आंब्याच्या पेट्या लादणे हा धोका आहे.

दुसरी, नट. लोखंडी चाकाचा नट आणि अलॉयचा नट यांची बैठक पुष्कळदा वेगळी असते. चाके बदलली तर नटही त्याच चाकांचे हवेत. अलॉय बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासावेत.

तिसरी, स्टेपनी. चार अलॉय आणि पाचवी लोखंडी स्टेपनी, असे पुष्कळ गाड्यांत असते. मग स्टेपनीला लागणारे नट गाडीत आहेत का ते पाहा. टायरचे माप मात्र पाचही चाकांचे एकच हवे. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एक चाक उंचीने वेगळे असेल तर गिअर आणि डिफरन्शियल यांवर ताण येतो.

चौथी, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. बाहेर आलेली रुंद चाके, चाक बाहेर सरकवणारे लोखंडी कडे, हे सगळे त्यात अडकू शकते. वरून बेअरिंगही लवकर जातात. बाहेरून बसवलेले अलॉय विमा कंपनीला कळवले नसेल तर त्याची भरपाई मागताना वाद होतो.

जुनी गाडी घेताना

आपले बहुतेक बांधव जुनी गाडी घेतात. चमकणाऱ्या अलॉयवर भुलून सौदा करू नये. जॅक लावून प्रत्येक चाक फिरवावे आणि कडेजवळ एक काडी स्थिर धरून चाक डोलते का ते पाहावे. आतली बाजू पाहायला विसरू नये, कारण वाकलेली कड आणि वेल्डिंगचे डाग तिथेच लपवलेले असतात. हवा भरून कडेला साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे आले तर गळती आहे.

तडा शोधायची जुनी युक्ती कारागिरांना ठाऊक आहे. चाक साफ करून संशयाच्या जागी रॉकेल लावावे, थोड्या वेळाने पुसून कोरडे करावे आणि वर खडूची भुकटी चोळावी. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर येऊन खडूवर काळी ओली रेघ उमटते. लोखंडी चाकात ही परीक्षा नटच्या भोकांभोवती आणि थाळीच्या वेल्डिंगजवळ करावी, अलॉयमध्ये आऱ्यांच्या मुळाशी आणि आतल्या कडेला.

कारागीर बांधवांसाठी

डेंटिंग, वेल्डिंग आणि टायरच्या धंद्यात आपले पुष्कळ लोक आहेत. त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. तडकलेले अलॉय चाक आर्गॉनने सांधून रंग मारून परत देणे सोपे असते आणि पैसेही बरे मिळतात. पण कारखान्यात त्या चाकाला ५०० अंशांवर तापवून, पाण्यात थंड करून, पुन्हा सुमारे दीडशे अंशांवर ठेवून कडक केलेले असते. टॉर्चची आंच लागली की तो कडकपणा त्या जागी उतरतो. वरून सांधा मजबूत दिसतो, शेजारचा धातू मात्र नरम झालेला असतो. लोखंड तापले तर लाल होऊन इशारा देते. ॲल्युमिनियम लाल न होताच वितळते, त्यामुळे किती तापवले ते डोळ्यांना कळतच नाही.

कडेचा ओरखडा घासून देणे, रंग करणे, हलका बाक योग्य यंत्रावर काढणे, ही कामे करावीत. आऱ्याला किंवा टायर बसतो त्या जागेला तडा असेल तर गिऱ्हाइकाला साफ सांगावे की हे चाक भंगारात गेले. लोखंडी चाकालाही हाच नियम आहे. एकाच जागी दोन-तीनदा ठोकलेली, नटचे भोक लंबगोल झालेली किंवा वेल्डिंगजवळ तडकलेली डिस्क परत गाडीवर चढवू नये. त्या गाडीत कोणाची मुलेबाळे बसणार आहेत, हे आपल्याला माहीत नसते.

धंद्याची संधी दुसरीकडे आहे. किनारपट्टीवर लोखंडी चाके साफ करून, गंज काढून, प्रायमर आणि रंग किंवा पावडर कोटिंग करून देणारा चांगला माणूस प्रत्येक तालुक्याला हवा आहे. पावसाळ्याच्या आधी एप्रिल-मेमध्ये हे काम भरपूर मिळू शकते, आणि त्यात कोणाचा जीव धोक्यात जात नाही.

मग घ्यावे काय?

ज्याची गाडी रोज चिरेखाणीवर, बागेत, सड्यावर किंवा बंदरावर कमाई करते, त्याने लोखंडी चाक घ्यावे. बहुतेक गाड्यांत एका अस्सल अलॉयच्या किमतीत दोन किंवा जास्त लोखंडी चाके येतात. त्या बचतीतून चांगले टायर घ्यावेत आणि एक जादा डिस्क घरी ठेवावी. दरवर्षीचा रंग मात्र चुकवू नये.

ज्याची गाडी बहुतेक डांबरावर चालते, महिन्यातून दोन-चार वेळाच आडवाटेला जाते आणि मुंबई-पुण्याच्या खेपा करते, त्याला कंपनीचे अस्सल, मूळ मापाचे अलॉय चालेल. त्याला ते सुखाचेही होईल. नवी गाडी अलॉयसह आली असेल तर ती चाके काढून टाकायची गरज नाही. फक्त हवा बरोबर ठेवावी, दगडात गाडी हळू चालवावी आणि स्टेपनी नेहमी तयार असावी.

आणि ज्याला कमी पैशांत अलॉयची शान हवी आहे, त्याने नकली किंवा सांधलेली चाके घेण्यापेक्षा लोखंडी चाकांवर चांगला काळा किंवा रुपेरी रंग मारून घ्यावा. मजबूत मांजरपाट नकली रेशमापेक्षा केव्हाही बरा, हे कापडाच्या पेढीवर बसणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.